किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप: नेटवर्कवरून डिस्क उघडणाऱ्या व्यवस्थेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या संस्थेतले आहे. संस्थेची ओळख पटेल असे तपशील वगळले असून घटनाक्रम आणि तांत्रिक बाबी मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. संस्थेच्या मुख्य सर्व्हर-खोलीत ३६ सर्व्हर होते. त्यांतले ६ व्हर्च्युअलायझेशन होस्ट होते, म्हणजे ज्यांच्या पोटात लॉगिनची डिरेक्टरी, डीएचसीपी (यंत्रांना आयपी पत्ते वाटणारी सेवा), पासवर्डची तिजोरी (पासवर्ड साठवणारे सॉफ्टवेअर) अशी अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात ती यंत्रे, आणि उरलेले ३० डेटाबेस, फाइल-साठा व गणनेच्या कामांसाठी होते. बॅकअप सर्व्हर दुसऱ्या इमारतीत, वेगळ्या वीजजोडणीवर होता. ही सगळी यंत्रणा आम्ही पाच जण सांभाळत होतो.

डिस्क एन्क्रिप्ट करण्यामागचे, म्हणजे तिच्यावरचा डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा करण्यामागचे, कारण साधे होते. बिघडलेली डिस्क वॉरंटीत परत पाठवावी लागते, आणि जी डिस्क लिहिण्यापुरती निकामी झाली आहे ती वाचता येतच नाही असे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून ३० सर्व्हरच्या डिस्क लक्स या लिनक्समधल्या पद्धतीने एन्क्रिप्ट करायचे ठरले. लक्सची अडचण तितकीच साधी आहे: यंत्र सुरू होताना कोणालातरी पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, द्यावा लागतो. पहिले काही महिने आम्ही रिमोट कन्सोलवरून एकेका सर्व्हरला हाताने पासफ्रेज देत होतो. याचा परिणाम असा झाला की रीबूट मागणारी प्रत्येक गोष्ट, अगदी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सुरक्षा-दुरुस्त्यासुद्धा, आम्ही पुढे ढकलू लागलो. माझ्या मते, डिस्क आपोआप उघडण्याची व्यवस्था आणण्याचे सर्वांत सबळ कारण हेच होते. सोय हे त्याचे कारण नव्हते. हाताने उघडायच्या कुलपामुळे सुरक्षेच्या दुसऱ्या बाजूला भोक पडत होते.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या चिपचा होता. किल्ली मदरबोर्डवरील चिपशी बांधली की सुटी काढलेली डिस्क निरुपयोगी ठरते, पण अख्खा सर्व्हरच उचलून नेला तर तो चोराच्या घरीही निमूटपणे सुरू होतो. दुसरा पर्याय यंत्र सुरू होताना आधी चढणाऱ्या छोट्या रॅम-डिस्कमध्ये एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) ठेवून दुरून पासफ्रेज देण्याचा होता. त्यात रात्री जागणारा माणूस कायमच राहतो. तिसरा पर्याय म्हणजे सर्व किल्ल्या साठवणारा मध्यवर्ती सर्व्हर. त्यात एका जागी सगळी गुपिते गोळा होतात, आणि त्या जागेची ओळख-पडताळणी, टीएलएस प्रमाणपत्रे (सुरक्षित जोडणीसाठी लागणारी) व बॅकअप यांचा वेगळा संसार मांडावा लागतो.

आम्ही चौथा पर्याय निवडला: टँग हा सर्व्हर आणि क्लेव्हिस हा त्याचा क्लायंट. ही जोडी २०१७ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ७.४ आवृत्तीत आली. तिच्यामागची देवाणघेवाण नॅथॅनिएल मॅककॉलम आणि रॉबर्ट रेलिया या दोघांच्या नावाने ओळखली जाते. पुढचा सगळा गुंता तिच्या स्वभावातून निघत असल्याने ती थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

टँगकडे एक गुप्त संख्या असते आणि तिच्यापासून काढलेली सार्वजनिक किल्ली तो मागेल त्याला देतो. जोडणी करताना क्लेव्हिस स्वतःची किल्ल्यांची एक जोडी तयार करतो, टँगच्या सार्वजनिक किल्लीशी तिची सांगड घालून एक सामाईक गुपित काढतो, त्या गुपिताने लक्सचा एक यादृच्छिक पासफ्रेज बंदिस्त करतो, आणि मग ते गुपित व आपल्या जोडीतला खासगी भाग दोन्ही टाकून देतो. मागे उरतो तो केवळ सार्वजनिक भाग, जो डिस्कच्या हेडरमध्ये, म्हणजे किल्ल्यांची माहिती ठेवणाऱ्या सुरुवातीच्या भागात, टोकनाच्या (छोट्या नोंदीच्या) रूपाने राहतो. यंत्र सुरू होताना क्लेव्हिस हा सार्वजनिक भाग उघड न करता त्यात एका नव्या, तात्पुरत्या किल्लीची भर घालून ती बेरीज टँगकडे पाठवतो. टँग त्या बेरजेवर आपल्या गुप्त संख्येची क्रिया करून उत्तर परत देतो. आणि क्लेव्हिस त्या उत्तरातून भरीचा हिस्सा वजा करून मूळ गुपित मिळवतो. टँगला गुपित कळत नाही, कोणती डिस्क उघडली तेही कळत नाही, आणि तो क्लायंटची कोणतीही नोंद ठेवत नाही. त्यामुळे ही देवाणघेवाण साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या एचटीटीपीवर चालते.

यातून दोन गोष्टी ओघाने येतात. टँगपर्यंत पोहोचू शकणाऱ्या कोणालाही तो उत्तर देतो, म्हणून त्याच्याकडे जाणारी वाट कोणाला मोकळी आहे हेच त्याचे खरे कुलूप. आणि टँग म्हणजे काय, तर एका डिरेक्टरीतल्या मोजक्या किल्ली-फाइल. त्या फाइल ज्याच्याकडे, त्याच्याकडे टँग. या दुसऱ्या गोष्टीने पुढे आम्हाला तारले, आणि आमच्या व्यवस्थेतली एक उणीवही तिनेच दाखवून दिली.

दोन टप्पे, आणि मध्ये न विचारलेला प्रश्न

पहिल्या टप्प्यात आम्ही दोन टँग उभे केले, दोन्ही व्हर्च्युअल मशीन म्हणून, आणि ते कधीही एकाच होस्टवर येणार नाहीत असा नियम घातला. प्रत्येक सर्व्हरची जोडणी शमीर पद्धतीने केली. आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत गुपिताचे अनेक वाटे करता येतात आणि त्यांपैकी किती जमले की गुपित उघडेल ते ठरवता येते. आम्ही दोनपैकी एक असा उंबरठा ठेवला, म्हणजे एक टँग बंद असला तरी दुसरा पुरे. टँगचे पत्ते नावाने न देता थेट आयपीने दिले, कारण डिस्क उघडण्याआधीच्या टप्प्यात डीएनएसवर (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सेवेवर) विसंबणे आम्हाला नको होते. तीसही सर्व्हरचे मूळ पासफ्रेज छापून बंद पाकिटांत तिजोरीत ठेवले. या टप्प्यात होस्टच्या डिस्क उघड्याच होत्या, त्यामुळे वीज गेली आणि आली तरी आधी होस्ट, मग टँग, मग बाकीचे सर्व्हर असा क्रम आपसूक लागत असे.

आठ महिन्यांनी झालेल्या लेखापरीक्षणात एक रास्त आक्षेप आला: होस्टची डिस्क कोणी काढून नेली तर तिच्यात टँगच्या किल्ल्या उघड्या मिळतील. यावर दोन उपाय शक्य होते. टँग होस्टवरून हलवून स्वतंत्र, छोट्या यंत्रांवर ठेवायचे, किंवा होस्टच्या डिस्कही एन्क्रिप्ट करायच्या. पहिल्या उपायात खरेदी, जागा आणि मंजुरी यांचा वेळ होता. दुसरा लगेच करता येत होता. आम्ही दुसरा निवडला, आणि होस्टची जोडणीही त्याच दोन टँगशी केली. या निर्णयात माझाही सहभाग होता.

काम एकेक होस्ट घेऊन झाले. त्यावरची व्हर्च्युअल मशीन शेजारी हलवायची, डिस्क एन्क्रिप्ट करायची, टँगशी जोडायचे, रीबूट करून पाहायचे. सहाही वेळा होस्ट आपोआप उघडला, कारण सहाही वेळा दोन्ही टँग शेजारच्या होस्टवर जिवंत होते. सगळेच होस्ट एकदम बंद असतील तेव्हा पहिल्याला किल्ली कोण देणार, हा प्रश्न त्या पंधरवड्यात एकाच्याही तोंडून निघाला नाही. होस्टचे पासफ्रेज पासवर्डच्या तिजोरीत नोंदवले गेले, पण छापील पाकिटे या वेळी केली नाहीत. "सहाच तर आहेत, तिजोरीत आहेतच," असे तेव्हा म्हटले गेले. ती तिजोरी त्याच होस्टवरचे एक व्हर्च्युअल मशीन होती.

तो रविवार

इमारतीच्या मुख्य वीजपॅनेलच्या कामासाठी एका रविवारी खोलीतली सर्व यंत्रे रीतसर बंद केली. दुपारी १ वाजता वीज आली आणि आम्ही सर्व सर्व्हर चालू केले. वीसेक मिनिटांनी ३६ कन्सोलवर एकच ओळ होती: पासफ्रेज विचारणारी.

सुरुवातीला आमचा संशय नेटवर्कवर गेला आणि पाऊण तास स्विच तपासण्यात गेला. मग एका सहकाऱ्याने एक होस्ट बचाव-यूएसबीवरून सुरू करून क्लेव्हिसच्या यादीची आज्ञा दिली. हेडरमधल्या टोकनात दोन आयपी पत्ते दिसले. ते दोन्ही पत्ते ज्या यंत्रांचे होते ती यंत्रे, आपण ज्या डिस्ककडे पाहतो आहोत त्याच डिस्कच्या आत होती. हे कळल्यावर खोलीत काही क्षण कोणीच काही बोलले नाही.

यापुढचा निर्णय महत्त्वाचा होता आणि तो चमूप्रमुखांनी घेतला: कोणत्याही डिस्कच्या हेडरला हात लावायचा नाही, काहीही पुन्हा इन्स्टॉल करायचे नाही, आणि जे करायचे ते आधी फळ्यावर लिहायचे. घाईत हेडर खराब झाला असता तर योग्य पासफ्रेज मिळूनही उपयोग झाला नसता.

फळ्यावर पुढील वाटा आल्या. होस्ट नव्याने उभारून सर्व व्हर्च्युअल मशीन बॅकअपमधून आणायची. याला दोन-तीन दिवस लागले असते आणि शनिवार रात्रीनंतरचे काम गेले असते. पासफ्रेज आठवून पाहायचे. पण लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत पासफ्रेजपासून किल्ली काढणारी आर्गॉन२आयडी ही क्रिया मुद्दाम संथ ठेवलेली असते, एकेका प्रयत्नाला साधारण दोन सेकंद जातात, आणि आमचे पासफ्रेज यादृच्छिक असल्याने आठवण्यासारखे काही नव्हतेच. पासवर्डच्या तिजोरीची एक प्रत एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर होती, पण ते प्रवासात होते आणि फोन लागत नव्हता. पाकिटांतल्या पासफ्रेजने ३० सर्व्हर उघडता आले असते, मात्र लॉगिनची डिरेक्टरी होस्टवर असल्याने ते उघडूनही कोणाच्या कामाचे नव्हते.

शेवटची वाट बॅकअप सर्व्हरची होती. त्याचा पासफ्रेज नेहमी हाताने दिला जाई आणि तो वेगळ्या इमारतीत अखंड चालू होता. त्यावर शनिवार रात्रीची दोन्ही टँगची प्रत होती. टँगकडे क्लायंटची नोंद नसते, त्यामुळे त्याचे अख्खे यंत्र परत आणण्याची गरज नव्हती. किल्ल्यांची डिरेक्टरी पुरेशी होती. ती डिरेक्टरी कोणत्याही लिनक्स यंत्रावर ठेवून त्याला टँगचा जुना आयपी दिला, की होस्टच्या दृष्टीने तोच टँग. फोन करण्याचे काम एकाकडे ठेवून बाकीचे या वाटेला लागले.

४०४ आणि २००

एका लॅपटॉपवर टँग बसवला, बॅकअपमधून किल्ली-फाइल काढल्या, त्या टँगच्या प्रक्रियेला वाचता येतील अशा परवानग्या दिल्या, स्विचचा पोर्ट योग्य व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) टाकला आणि पहिला होस्ट रीबूट केला. लॅपटॉपच्या लॉगमध्ये होस्टची विनंती आलेली दिसली, आणि तिच्यापुढे उत्तराचा आकडा होता ४०४, म्हणजे मागितलेले सापडले नाही.

मला हा क्षण आजही स्पष्ट आठवतो, कारण तिथे आम्ही ही वाट सोडून देण्याच्या बेतात होतो. एकाचे म्हणणे पडले की बॅकअप जुना आहे, दुसऱ्याला वाटले की किल्ल्या मध्यंतरी बदलल्या गेल्या असतील. मग विनंतीची ओळ अक्षर-अक्षर वाचली. क्लेव्हिस उघडताना टँगला केवळ बेरीज पाठवत नाही, तर कोणत्या किल्लीने क्रिया करायची तिचा ठसाही (तिची ओळख पटवणारा संकेतही) पत्त्यात देतो. तो ठसा आमच्या डिरेक्टरीतल्या फाइलींच्या ठशांशी जुळत नव्हता. दोन्ही टँगच्या किल्ल्या स्वतंत्र असतात, आणि आम्ही दुसऱ्या टँगच्या किल्ल्या पहिल्याच्या आयपीवर मांडल्या होत्या. लॅपटॉपचा आयपी बदलला, होस्ट पुन्हा सुरू केला. या वेळी ओळीच्या शेवटी २००, म्हणजे यशस्वी उत्तराचा आकडा, आला आणि कन्सोलवरची पासफ्रेज विचारणारी ओळ आपसूक पुढे सरकून गेली.

तेव्हा संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. तासाभरात सहाही होस्ट उघडले, खरे टँग सुरू होताच लॅपटॉप बाजूला काढला, आणि रात्री ९ पर्यंत सर्व सेवा पूर्ववत झाल्या. डेटा गेला नाही. तब्बल आठ तास मात्र संस्थेचे सर्व काम बंद होते.

त्यानंतरचे बदल

सोमवारी पहिली नोंद झाली ती अशी: आम्ही ज्या वाटेने आत शिरलो, त्याच वाटेने दुसरा कोणीही शिरू शकला असता. टँगच्या किल्ल्या आणि त्या किल्ल्यांनी उघडणाऱ्या डेटाचा बॅकअप एकाच सर्व्हरवर होता, आणि बॅकअपचा वापर करणाऱ्या प्रत्येकाला त्या फाइल वाचता येत होत्या. शिवाय त्या आता एका लॅपटॉपवरही जाऊन आल्या होत्या. म्हणून किल्ल्या बदलणे अपरिहार्य होते.

टँगमध्ये किल्ल्या बदलताना जुन्या फाइलींच्या नावाआधी टिंब लावतात. मग टँग नव्या जोडणीसाठी त्या पुढे करत नाही, पण जुन्या क्लायंटना त्यांवर उत्तर देत राहतो. सर्व क्लायंट नव्या किल्लीवर हलले की जुन्या फाइल पुसायच्या. पुसण्याआधी आम्ही जोडण्या मोजल्या आणि ३६ ऐवजी ३५ भरल्या. एक सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद होता. तो परत येऊन त्याची जोडणी नवी होईपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, जुन्या किल्ल्या ठेवल्या. सुरक्षेच्या दृष्टीने हा विलंब बोचत होता, पण त्या सर्व्हरचे पाकीट उघडून तपासल्याशिवाय त्याचा एकमेव खात्रीचा मार्ग तोडणे मला पटले नसते.

टँगसाठी तीन छोटी, स्वतंत्र यंत्रे घेतली. उंबरठा तीनपैकी दोन असा ठेवला. जागा ठरवताना बराच वाद झाला. दोन यंत्रे दुसऱ्या इमारतीत ठेवली तर चोरीपासून अधिक संरक्षण, पण इमारतींमधली जोडणी तुटली की मुख्य खोलीतले काहीही उघडणार नाही. अखेर दोन यंत्रे त्याच इमारतीत, पण सर्व्हर-खोलीबाहेर, दोन वेगवेगळ्या कुलूपबंद खोल्यांत, आणि तिसरे दुसऱ्या इमारतीत ठेवले. सर्व्हर-खोली पूर्ण लुटली गेली तरी चोराच्या हाती एकही टँग लागत नाही, आणि जोडणी तुटली तरी जवळचे दोन पुरतात. आग लागून अख्खी इमारत गेली तर काय, असेही विचारले गेले. पण तेव्हा उघडायला सर्व्हरही उरलेले नसतील.

टँगची स्वतःची डिस्क टँगने उघडायची नाही, हा नियम आता लेखी आहे. ती टीपीएमला बांधली आहे, सिक्युअर बूटची (केवळ सही केलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) स्थिती नोंदवणाऱ्या, चिपमधल्या पीसीआर ७ या नोंदीसह. सिक्युअर बूटच्या किल्ल्यांत किंवा मांडणीत बदल झाला की ही जोडणी तुटू शकते, म्हणून या तिन्ही यंत्रांचे पासफ्रेजही पाकिटात आहेत. टँगच्या किल्ल्यांचा बॅकअप सामान्य बॅकअपमधून काढून एन्क्रिप्ट केलेल्या दोन यूएसबींवर दोन तिजोऱ्यांत ठेवला. होस्टचे पासफ्रेजही छापले. दर सहा महिन्यांनी एक पाकीट कोणतेही उचलून प्रत्यक्ष कन्सोलवर टाइप करून पाहिले जाते. पहिल्याच वेळी असे दिसले की डिस्क उघडण्याआधीच्या टप्प्यातला कीबोर्डचा नकाशा नेहमीचा नाही आणि पासफ्रेजमधले एक चिन्ह दुसऱ्याच कळेवर आहे. तेव्हापासून पासफ्रेजमध्ये केवळ लहान इंग्रजी अक्षरांचे शब्द असतात.

त्यानंतर सर्व काही बंद करून, शून्यापासून सुरू करण्याचा सराव केला. होस्ट बिनबोभाट उघडले, पण ११ सर्व्हर पुन्हा पासफ्रेजपाशी अडले. यंत्र सुरू होताना, डिस्क उघडण्याआधीच, ते आयपी पत्ता डीएचसीपीकडे मागत होते, आणि डीएचसीपी होस्टवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये असल्याने तोपर्यंत उठलेला नव्हता. त्या रविवारी होस्ट आधी उठवल्यामुळे हे झाकले गेले होते. आता सर्व सर्व्हरना, यंत्र सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या ओळीतच, स्थिर आयपी दिला आहे. दुसऱ्या सरावात ३६ पैकी ३६ उघडले.

वेगळे काय करता आले असते

लेखापरीक्षणाच्या आक्षेपानंतर दोन उपायांची तुलना केवळ वेळेच्या मापाने झाली, ही माझ्या मते मूळ चूक. टँगसाठी वेगळी यंत्रे येईपर्यंत होस्ट एन्क्रिप्ट करूनही हाताने उघडणे शक्य होते. सहा यंत्रांना पासफ्रेज देणे अवघड नव्हते. नवी जोडणी करताना कोण कोणावर अवलंबून आहे याचे साधे चित्र काढले असते तरी वर्तुळ पूर्ण होताना दिसले असते. आमच्याकडे असे चित्र होते, पण ते पहिल्या टप्प्यातले होते.

त्या दिवशीच्या कृतींपैकी लॅपटॉपचा वापर मी आज टाळला असता. पाकिटातला पासफ्रेज देऊन ३० पैकी एखादा सर्व्हर उघडून त्यावर तात्पुरता टँग मांडता आला असता, आणि किल्ल्या खोलीबाहेर फिरणाऱ्या यंत्रावर गेल्या नसत्या. हा विचार तेव्हा कोणाच्याच मनात आला नाही, कारण पाकिटांची वाट आम्ही फळ्यावर आधीच खोडली होती.

एक बाब उशिराने लक्षात आली. टँगच्या किल्ल्या बदलल्याने डिस्कची मूळ किल्ली, म्हणजे जिने डेटा प्रत्यक्ष एन्क्रिप्ट होतो ती, बदलत नाही. जुन्या जोडणीच्या काळात घेतलेला लक्स हेडरचा बॅकअप आणि टँगच्या जुन्या किल्ल्या एकत्र आल्या, तर ती डिस्क आजही उघडते. आमच्याकडे असे हेडर-बॅकअप होते. ते शोधून नष्ट केले, बॅकअप सर्व्हरवरच्या जुन्या टँग-प्रती मुदतीआधी काढल्या, आणि सहा होस्ट व चार डेटाबेस सर्व्हर यांच्या डिस्क मूळ किल्ली बदलून पुन्हा एन्क्रिप्ट केल्या. उरलेल्या २६ सर्व्हरचे हे काम त्यांच्या डिस्क बदलण्याच्या वेळेपर्यंत थांबवले आहे. त्या निर्णयावर चमूप्रमुखांची आणि सुरक्षा-अधिकाऱ्यांची सही आहे, आणि दर तिमाहीच्या बैठकीत तो पुन्हा चर्चेला येतो.